मध्यस्थबाई समोरच्या खुर्चीत

आमच्या केंद्रातलं टेबल गोल आहे, आणि ते गोलच असावं म्हणून मी भांडले होते. भांडणं मिटवायच्या जागेतलं पहिलं भांडण हिनेच केलं, असं आमचे हे अजून पाहुण्यांना सांगतात. चौकोनी टेबलाला एक वरची बाजू असते, तिथे बसणारा आपोआप साहेब होतो, असं माझं म्हणणं होतं. म्हणून गोल टेबल आलं. पण माणसं हुशार. पंख्याखालची खुर्ची मध्यस्थाची आणि तिच्यासमोरच्या दोन खुर्च्या भांडणाऱ्यांच्या, हे कुणी न सांगता ठरून गेलं. पंख्याखालच्या खुर्चीतून खिडकी दिसते, खिडकीतून बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या रस्त्यावरचं एक पिवळ्या फुलांचं झाड दिसतं. समोरच्या खुर्चीतून काय दिसतं, ते मला या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. पंख्याखाली बसलेली मध्यस्थबाई दिसते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या मध्यस्थीतले गमतीचे किस्से लिहा, सुमनाक्का’ असा आग्रह झाला. गमतीचे आहेतच. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला बळ येईल.

पण काम काय असतं ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलासुद्धा मी कोर्टात नोकरीला आहे असं वाटतं. तसं काही नाही. एका समाजाच्या हॉलवरच्या खोलीत आमचं केंद्र चालतं. शेजाऱ्यांची, भावाभावांची, भिंतीवरून, गाडी लावण्यावरून, कुत्र्यावरून होणारी भांडणं पोलीस ठाण्यात जाण्याआधी इथे यावीत, एवढाच हेतू. आम्ही निकाल देत नाही. कुणाचं बरोबर ते सांगत नाही. सल्लाही द्यायचा नसतो, आणि मराठी बाईला एखाद्या खोलीत दोन तास सल्ला न देता बसवणं ही काय तपश्चर्या आहे, ते ज्याचं त्यालाच कळेल.

आमचं हत्यार एकच. त्याला केंद्रात ‘तिरुगी हेळी’ म्हणतात, म्हणजे ‘परत सांगा’. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरचा आत्ता जे बोलला, ते आपल्या तोंडाने परत सांगायचं. समोरच्याने ‘हौदु’, म्हणजे ‘होय, हेच’, म्हटलं तरच पुढे जायचं. नाही म्हटलं तर पुन्हा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं नाही, त्याचं वाक्य आपल्या जिभेवर घ्यायचं म्हणजे कारल्याचा रस. दोघांचे ‘हौदु’ झाले की खालच्या कँटीनमधून कॉफी मागवायची, आणि तीही बाय-टू. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. आपल्या बंगळुरात जिवलग मित्र पितात तशी. ही पद्धत नागरत्ना टीचरनी पाडली. त्या मूळच्या हुबळीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मराठी छान समजतं, बोलतात जरा कानडी वळणाचं. त्यांना मध्यस्थीचं प्रशिक्षण मी दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

येलहंकाचे दोन गृहस्थ आले होते. एकाच्या शेवग्याची फांदी दुसऱ्याच्या गच्चीवर झुकलेली. शेवग्यावर केसाळ सुरवंट होतात, ते गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचे. अंगाला खाज, पोरांना पुरळ. सुरवंटवाले फोटोंचा गठ्ठाच घेऊन आले. आम्ही फोटो पाहत नाही. फोटो आला की माणूस ऐकणं सोडून सिद्ध करायला लागतो. मी तो गठ्ठा उलटा ठेवायला लावला आणि म्हटलं, आता फोटोशिवाय बोला. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले, ‘हा सगळ्या गल्लीला शेंगा वाटतो. मला फक्त सुरवंट.’ शेवगेवाल्याने ते वाक्य परत सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि अर्ध्यावर थांबला. फांदी त्याच आठवड्यात छाटली गेली. पुढे शेंगा एवढ्या जायला लागल्या की सुरवंटवाल्यांच्या बायकोनेच फोन करून विचारलं, आता थांबवायचं कसं?

दुसऱ्या एका बाईंची तक्रार होती, समोरच्या घरातली मुलगी पहाटे गाण्याचा रियाज करते, झोपमोड होते. मुलीने समजूतदारपणे वेळ बदलली. महिन्याने बाई पुन्हा हजर. आता जागच येत नाही म्हणाल्या, पूजेला उशीर होतो, तिला परत पहाटे गायला सांगा.

असे किस्से मी लग्नाच्या पंगतीत, बारशाला, मेट्रोत उभ्या उभ्या सांगत आले. नावंगावं बदलून, कारण आमच्या कामात खोलीतलं खोलीतच राहतं. सांगताना चेहरा असा, की शहाणपणाचं दुकान चिकपेटेत आमच्या ह्यांच्या दुकानाशेजारीच आहे आणि मालकीण मी. ह्यांचं दुकान शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचं. ते म्हणायचे, ‘माझ्या दुकानात निदान परत केलेला माल तरी दिसतो.’

आता पुढचं. हे मी अश्विनीला आधी वाचून दाखवलं आहे. ती म्हणाली, ‘लिहा काकू. आमची नावं बदला. तुमचं बदलू नका.’

अश्विनी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नागपूरची, कॉम्प्युटरच्या कंपनीत, सोबत फक्त आई. घर भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा चार जणं बघून गेली होती, पण मराठी भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. आमच्या घराच्या कित्येक पिढ्या बंगळुरात गेल्या. आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक गालात हसतात. ‘स्वल्प थांबा’ म्हणते मी, माझ्याही लक्षात येत नाही. म्हटलं, घरात नागपुरी मराठी ऐकू येईल.

ऐकू आली. मालतीमावशी, म्हणजे अश्विनीची आई, पहिल्या दिवशी जिन्यात भेटल्या. नीट नेसलेलं सुती पातळ, हातात पितळेचा तांब्या. म्हणाल्या, ‘तुम्ही कोणाकडं आल्या वो?’ मी हसून सांगितलं, मी खालीच राहते, घरमालकीण. ‘हो का, छान आहे बाप्पा घर.’ दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर तोच प्रश्न. पुढच्या आठवड्यातही तोच. दरवेळी तितक्याच आपुलकीने.

गच्चीवर त्यांनी तुळस लावली. रोज सकाळी वर जायचं, गच्चीवरचा नळ सोडायचा, तांब्या भरायचा, तुळशीला घालायचं आणि खाली यायचं. नळ तसाच.

बंगळुरातल्या लोकांना यापुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कावेरीचं पाणी येतं ते दिवसाआड, आणि तेही त्याच्या मर्जीने. ते अंगणाखालच्या टाकीत साठतं, मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथून सगळ्या घराला. उन्हाळ्यात बोअर आटलेली. गच्चीचा नळ तासभर वाहिला की सगळं घर कोरडं. पहिल्यांदा मी अश्विनीला गोड शब्दांत सांगितलं. ती फार ओशाळली. दुसऱ्यांदा जरा कमी गोड शब्दांत सांगितलं. तिने गच्चीच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘आई, नळ बंद’ असं लिहून लावलं.

तिसऱ्यांदा झालं ते चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी. पस्तीस बायका येणार, कैरीची डाळ वाटून तयार, पन्ह्यासाठी पातेली घासायची होती आणि नळाला नुसती हवा. बाहेर आले तर जिन्यावरून पाणी धबधब्यासारखं उतरतंय. वरच्या पायरीवर मालतीमावशी उभ्या, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात तांब्या. माझ्याकडे बघून हसत होत्या.

खरं तर मी काय करायला हवं होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? केंद्रात जायचं. पण मध्यस्थबाईच्याच घरचं भांडण केंद्रात कसं न्यायचं? लोक काय म्हणतील? मला लाज वाटली. म्हणून मी त्याहून लाजेची गोष्ट केली. फोटो काढला. आणि आमच्या गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला, सोबत इंग्रजीत आणि कानडीत ओळ, की शिकलेल्या माणसांना पाण्याची किंमत नसेल तर कुणाला सांगायचं.

फोटो उलटा ठेवायला लावणारी मी.

ग्रुपवर हसरे चेहरे आले, हात जोडलेले आले, टँकरवाल्याचे नंबर आले. कुणीतरी लिहिलं, ‘अज्जीला काही होतंय का? नजर वेगळी वाटते.’ त्यावर आणखी चौघांनी लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी बायकांना कैरीची डाळ वाढताना तोच विषय, आणि मी म्हणत होते, छे, मला कुठे काय माहीत.

तेव्हापासून भाजीवाली मालतीमावशींशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तशी. कोपऱ्यावरची पोरं हातात तांब्या धरल्यासारखं करून एकमेकांना दाखवायची. अश्विनीने आईचं हे विसरणं आजवर कुणालाच कळू दिलं नव्हतं, ना ऑफिसात ना नात्यात, आणि मी ते फोटोसकट गल्लीभर वाटलं होतं. तिने आईचं खाली उतरणं बंद केलं. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. मालतीमावशी सकाळी तांब्या घेऊन त्या बंद दारासमोर उभ्या राहायच्या. माझ्या स्वयंपाकघरात कडीचा आवाज यायचा. आधी हळू, मग जोरात, मग थांबायचा. मी मिक्सर लावायचे.

थोड्याच दिवसांत मला केंद्रातून फोन आला. नागरत्ना टीचर. ‘सुमनाक्का, एक अर्ज आला आहे.’ मी म्हटलं, कोण आहेत दोन्हीकडचे? त्या म्हणाल्या, ‘एका बाजूला तुम्ही.’

घरी ह्यांना सांगितलं तर हसतील म्हणून सांगितलं नाही. इस्त्रीची सुती साडी नेसून गेले, मध्यस्थीला जाताना नेसते तीच. खोलीत शिरले आणि पाय सवयीने पंख्याखालच्या खुर्चीकडे वळले. तिथे टीचर बसल्या होत्या. त्यांनी नजरेनेच समोरची खुर्ची दाखवली.

अश्विनी ऑफिसची पाठपिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी मनात तयारी करून आले होते. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, समोरच्याच्या भावनेला नाव कसं द्यायचं, सगळं मला येत होतं. मीच शिकवत होते ना. अश्विनी बोलायला लागली. कुलूप, तांब्या, पोरं. डॉक्टर म्हणतात जागा बदलू नका, ओळखीच्या पायऱ्या ओळखीच्या राहू द्या. तरी ती दुसरं घर बघते आहे. तिचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी म्हणाली, ‘मला सॉरी नकोय काकू. ग्रुपवर तर सॉरी अजिबात लिहू नका, उगाच परत सगळे आईबद्दल बोलतील. मला फक्त एवढंच विचारायचंय, तुम्हाला माहीत होतं का?’

टीचर मला म्हणाल्या, ‘तिरुगी हेळी.’

मी पाठ सरळ केली. सांगितलं, ‘अश्विनी, तुमच्या आईचा मान दुखावला गेला, तुम्हाला या घरात सुरक्षित वाटत नाही, आणि आईची काळजी एकटीने घेताना तुम्हाला आधार हवा होता.’ सुरेख सांगितलं. प्रशिक्षणात उदाहरण म्हणून द्यावं इतकं.

अश्विनी टीचरांकडे बघून म्हणाली, ‘मी असं नाही म्हणाले.’

‘पुन्हा,’ टीचर म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी विश्वास, संवाद, शेजारधर्म वगैरे घालून. अश्विनीने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. ‘काकू, माझ्यापेक्षा तुम्ही किती छान बोलता. म्हणूनच मला तुमचं काही खरं वाटत नाहीये.’

टीचर वहीत बघत बसल्या. माझ्या मदतीला येणार नव्हत्या. मध्यस्थाने कुणाच्या मदतीला जायचं नसतं, हेही मीच शिकवलेलं. पंख्याचं वारं समोरच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. कितीतरी माणसं इथे घाम पुसत बसली असतील आणि मी त्यांना म्हटलं असेल, शांत व्हा, घाई नाही.

‘सुमनाक्का,’ टीचर म्हणाल्या, ‘तिचं वाक्य लहान आहे. तेवढंच सांगा.’

मी म्हटलं, ‘तुम्ही विचारलं, मला माहीत होतं का.’

‘हौदु,’ अश्विनी म्हणाली. तिला कानडी येत नाही. दारावर नियमांची इंग्रजी पाटी आहे, तिच्यावर वाचून आली असावी.

आता माझी पाळी होती. माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं मला रोज विचारायच्या, तू कुणाची गं? मी त्यांना न्हाऊमाखू घातलं आहे. जिन्यातल्या दुसऱ्या भेटीतच मला मालतीमावशींचं कळलं होतं. दुखणं ओळखायला मला डॉक्टर नको होता. आणि कळलं होतं म्हणूनच तो फोटो काढताना मी पाणी दिसेल असा नाही, त्या दिसतील असा काढला होता.

‘माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘पहिल्या आठवड्यापासून.’

टीचरनी अश्विनीला ‘तिरुगी हेळी’ म्हटलं नाही. नियमाप्रमाणे म्हणायला हवं होतं.

अश्विनी रडली वगैरे नाही. तिने फक्त मान हलवली, एखाद्याने आपला जुना अंदाज बरोबर निघाल्यावर हलवावी तशी. मग पुढे काय करायचं ते आम्ही ठरवलं, आणि तेच सगळ्यांत लाजिरवाणं होतं, कारण त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. दाबून धरलं तरच पाणी येतं आणि हात काढला की आपोआप बंद होतो, असा नळ मिळतो. रेल्वे स्टेशनवर असतो तसा. गच्चीला तो लावायचा आणि कुलूप काढायचं. असे नळ चिकपेटेत आमच्या दुकानाच्या पलीकडे, चार दुकानं सोडून टांगलेले असतात. कित्येक वर्षं मी त्यांच्याखालून डोकं वाकवून जाते आहे. आधी वस्तूवर इलाज होतो का बघा, माणसाला नंतर हात घाला, हेही वाक्य माझंच.

ग्रुपवर काय लिहायचं तेही अश्विनीने ठरवलं. फोटो काढून टाकायचा आणि लिहायचं, ‘गच्चीचा नळ खराब होता, आमची चूक, बदलला आहे.’ आईबद्दल एक शब्द नाही.

कॉफी आली, बाय-टू. अश्विनीने घड्याळ बघितलं, ऑफिसला उशीर होतोय म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली. मी माझी अर्धी प्यायले. तिची अर्धी टेबलावर साय धरत राहिली.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना नळ घेऊन आले आणि जेवायच्या आधी स्वतःच वर जाऊन बसवून आले. मी ग्रुपवर लिहिलं. लगेच गल्लीतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, ‘पाण्याची किंमत मालकांनाच नसेल तर भाडेकरूंना काय सांगायचं.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एक एक चेहरा मोजावा असं वाटलं, पण नाही मोजले. राहू दिले तसेच.

काही दिवस मी केंद्रात गेले नाही. मग टीचरांचा फोन आला, शनिवारी माणूस कमी आहे, या. गेले. पंख्याखाली बसायच्या आधी तो सरकवता येईल का, हे विचारायला वायरमन बोलावला. होत नाही म्हणाला. आता एक टेबलफॅन आहे, समोरच्या खुर्च्यांकडे तोंड करून. आवाज फार करतो. लोकांना मोठ्याने बोलावं लागतं.

अश्विनी अजून वरच राहते. घर बघणं तिने थांबवलं, निदान आत्तापुरतं. माझ्याशी नीट बोलते, कामापुरतं बोलते. त्याहून जास्त मागायची माझी छाती नाही.

मी मात्र सकाळी गच्चीवर जायला लागले आहे, कपडे वाळत घालायचं निमित्त. मालतीमावशी तांब्या घेऊन नळाशी उभ्या असतात. एका हाताने नळ दाबायचा, दुसऱ्या हाताने तांब्या धरायचा, हे त्यांना रोज नव्याने शोधावं लागतं. हात काढला की पाणी थांबतं. त्या नळाकडे बघतात, मग माझ्याकडे.

‘तुम्ही कोणाकडं आल्या वो?’

‘इथेच राहते, खाली.’

‘मग सांगा ना मालकिणीला. नळ बिघडला तिचा. धरून धरून हात दुखतो माणसाचा.’

मी नळ दाबून धरते, त्या तांब्या भरतात. सवयीने परत सांगते, ‘नळ आपोआप बंद होतो, तुमचा हात दुखतो, हे मालकिणीला सांगायचं.’

‘हो, हेच,’ मावशी खूश होऊन म्हणतात. तुळशीला पाणी घालतात. जिन्याशी पोचल्या की हमखास मागे वळतात, आणि रोजच्यासारखंच, आवाज बारीक करून मला समजावतात, ‘पण रागावून नका सांगू बरं तिला. बिचारीला माहीत नसेल.’